डाव्या कोपऱ्यातला पाहुणा

नानांची बेल वाजवली की आतून पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "आधी बत्ती बंद करा, मग बोला." या, बसा, पाणी देऊ का, हे सगळं त्यानंतर. जिन्यातल्या बत्तीचं बटण त्यांच्या दाराशीच होतं. दार उघडलं की तो उजेड त्यांच्या खोलीत पडायचा, तो त्यांना खपायचा नाही. नवखा माणूस बिचारा बटण दाबायचा, आणि मग दार उघडायचं. आत मिट्ट काळोख. मधोमध एक बुटकं टेबल खालून निळसर उजळलेलं, आणि त्यावर वाकलेला नानांचा चेहरा. उजेड हनुवटीकडून वर, डोळ्यांच्या खोबणी काळ्या. गॅसवाला तर एकदा सिलिंडर जिन्यातच ठेवून गेला होता. आमच्या मुलुंड पूर्वेच्या त्या जुन्या सोसायटीत त्यांचं नाव पडलं बत्तीबंद नाना. आमचे हे म्हणायचे, "या माणसाला वीज कंपनीने शाल-श्रीफळ द्यायला हवं."

काळोखाची सवय त्यांना नोकरीने लावली होती. अंधेरीला सिनेमाच्या फिल्म धुवायची एक लॅब होती, तिथे त्यांची उभी हयात गेली. न धुतलेल्या फिल्मला उजेडाचा थेंब लागला तरी सगळं पिक्चर जायचं, म्हणून तिथे काळोख म्हणजे नुसता काळोख. त्यात ही माणसं रिळं उलगडायची, जोडायची, एकमेकांना धक्का न लावता फिरायची. "तिथे माणूस चपलेवरून ओळखायचा," नाना सांगायचे. "आणि चप्पल काढून आला, तर श्वासावरून." पुढे डिजिटल आलं, लॅब बंद पडली, नाना घरी आले. येताना काळ्या पडलेल्या निगेटिव्हच्या पट्ट्यांची एक पिशवी तेवढी बरोबर आणली. त्यांची बायको माई म्हणाली, "हे काय, पेन्शन वाटतं?"

एक गंमत सांगते, तेव्हा ती गंमत वाटली नव्हती. मी ब्लाउज शिवायची, अजूनही शिवते, डोळे देतील तेवढं. एकदा संध्याकाळी लाइट गेली. मी मशीनवर, घरात कुणी नाही, दार नुसतं लोटलेलं. मेणबत्ती शोधायला उठणार, तोच अगदी कानाशी आवाज आला, "वहिनी, उठू नका. कात्री पायाशी पडलीय, डाव्या बाजूला." नाना समोरच्या दारातून कधी आले, पाऊल कसं वाजलं नाही, आणि त्या काळोखात त्यांना कात्री कशी दिसली, देव जाणे. मी घामाघूम. ते शांतपणे म्हणाले, "पडताना वाजली ना. मी घरातून ऐकली."

माईचं आणि माझं चांगलं मेतकूट होतं. समोरासमोर दारं आमची, त्यामुळे तिचं पीठ माझ्या डब्यात आणि माझी भाजी तिच्या कढईत, असा कारभार. तिची रांगोळी म्हणजे काय सांगू. सकाळी जिन्याच्या चौकात बसायची, आधी ठिपके टाकायची, मग चिमटीतून रेघ अशी सोडायची की जणू ती आधीपासून तिथे होतीच, हिने नुसती वरची धूळ झटकली. पण प्रत्येक रांगोळीत डावीकडे खाली, अगदी कोपऱ्यातला एक ठिपका ती जोडायची नाही. मोकळाच ठेवायची. मी एकदा विचारलं, "माई, हा राहिला गं." तर म्हणाली, "राहिला नाही, ठेवलाय. उद्याला काहीतरी राहू दे की, शालन." रांगोळी पुरी झाली की त्या मोकळ्या ठिपक्यावर बोट टेकवून जरा वेळ बसायची, मग उठायची.

तिला अर्धांगाचा झटका आला तो असा रांगोळी घालतानाच. उजवी बाजू गेली. वाचा हळूहळू थोडी परत आली, पण उजवा हात मांडीवर ठेवला तर तिथेच राहायचा, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. दिवाळीत ती हट्टाने चौकात जाऊन बसली, डाव्या हाताने चिमूट धरली. रेघ येईना. बोटं पकडत नव्हती, पांढरा ढिगारा तेवढा पडला. तिने तो ढिगारा बघितला आणि तळहाताने पुसून टाकला. नंतर महिनोन्महिने चौक कोरा. नाना माझ्याकडे आले, मशीनशेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, तिला चिमूट जमत नाही. पण बोट टेकता येतं. नुसतं बोट टेकलं आणि रेघ उमटली, असं काही करता येईल."

मला वाटलं, दुःखाने डोकं फिरलंय यांचं. पण ते कामाला लागलेसुद्धा. इंग्रजी यायचं बेताचंच. इंटरनेटवर परदेशातली पोरं घरच्या घरी असली टेबलं बनवतात, त्यांचे व्हिडिओ ते आवाज बंद करून बघायचे. "बोलण्यात ते बढाया मारतात," म्हणायचे. "हात खोटं बोलत नाहीत." प्लायवूडचा खोका झाला. कुर्ल्याच्या भंगारातून एक जुना प्रोजेक्टर आला, तो खोक्यात आडवा निजवला आणि समोर आरसा तिरपा लावला, म्हणजे चित्र खालून वर येणार. भांडुपच्या काचवाल्याकडून जाड काच आणली. पण काचेतून चित्र आरपार निघून जातं, ते अडवायला वर काहीतरी पांढुरकं हवं. त्यावर माझा बटर पेपर कामी आला. आम्ही शिवणवाल्या ब्लाउजचा कागदी नमुना ज्याच्यावर काढतो ना, तोच. एक मोठा ताव त्यांनी काचेवर ताणून बसवला. माझी छाती जरा फुगली, खोटं कशाला सांगू.

आता बोट कुठे टेकलं हे टेबलाला कळायचं कसं? त्यासाठी चार कोपऱ्यांना चार बारीक लेझर लावले. त्यांचा उजेड डोळ्यांना दिसत नाही. कागदाच्या जेमतेम वर, आडवा, पातळ असा तो पसरलेला असतो. बोट खाली आलं की त्याला लागतं आणि उजळतं. खोक्यात खाली एक वेबकॅम डोळे वर करून पडलेला, त्याच्यापुढे नानांनी ती लॅबमधली काळी पट्टी लावलेली. आपल्याला तिच्यातून काही दिसत नाही, पण लेझरचा उजेड पार जातो. म्हणजे कॅमेऱ्याला सगळं जग काळं, फक्त टेकलेली बोटं तेवढी पांढरी. मला पटेना. मग त्यांनी अगरबत्ती लावली, टेबलावर धरली आणि म्हणाले, "आता मोबाइलमधून बघा." मोबाइलच्या पडद्यावर टेबलभर जांभळट पाण्यासारखा उजेड साचलेला दिसला, त्यात धूर वळत होता. मोबाइल बाजूला केला, तर काही नाही. टेबल, धूर, काळोख.

त्या उजेडाने डोळे जातात म्हणून सगळ्यांना गॉगल सक्तीचा. माईला हिरवा गॉगल चढवला तर ती इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हसली, अर्ध्या तोंडाने. मी म्हटलं, "नाना, दिसत तर नाही, एवढं काय भ्यायचं?" ते एकदम गंभीर झाले. "दिसत नाही म्हणजे नाही असं नाही, वहिनी. दिसतो त्याच्यापुढे माणूस डोळे मिटतो. न दिसणाऱ्यापुढे उघडे ठेवतो."

टेबल चालू झालं, पण एक विचित्र खोड लागली. कुणी हात लावला नसताना त्याच्यावर ठिपके उमटायचे. बोट टेकलं की तिथे पांढरा गोल उजळायचा, आणि सरकवलं की रेघ, असं नानांनी बसवलेलं. पण आम्ही तिघं हात बांधून बसलेले आणि कागदावर कुठेतरी एक गोल उजळतो, जरा चालतो, विझतो. अंगावर काटा यायचा. नाना त्याला भूत म्हणू द्यायचे नाहीत. ते म्हणायचे, "पाहुणा आला." त्यांचा नियम होता, पाहुणा आधी ओळखायचा, मग घालवायचा. मग शोध सुरू. एक पाहुणा निघाला पतंग, खालच्या उजेडाला भुलून आलेला. एक निघाला माईच्या सोन्याच्या बांगडीवरून परतलेला लेझर. बांगडी काढली, गेला. एक यायचा रोज मावळतीला, तो पडद्याच्या फटीतून येणारा सूर्य. पडदा मी दुहेरी शिवून दिला. एक फार चिवट होता, थरथरायचा, लांबट व्हायचा. तो देवापुढची समई निघाली. ज्योतीतही तो न दिसणारा उजेड असतो म्हणे. समई दुसऱ्या खोलीत गेली. नानांकडचा असा एकही पाहुणा नव्हता की ज्याचं नाव-गाव त्यांनी काढलं नाही.

टेबल माईच्या खाटेला टेकून ठेवलं होतं, बसल्या जागी तिचा डावा हात पोचावा म्हणून. पहिल्या संध्याकाळी तिने बोट टेकलं, उचललं, पुन्हा टेकलं. ठिपके. मग एक रेघ ओढली, वाकडी. मग तीन बोटं एकदम ओढली, तर तीन रेघा एकदम आल्या. तसं तर चिमटीने कधीच झालं नसतं. तिने माझ्याकडे बघितलं. माझा गॉगल आतून ओला झाला होता. त्यानंतर रोज दिवेलागणीला रांगोळी. नाना आधी तिच्या बोटांना तेल चोळायचे, वैद्याचं मालिशचं तेल, एकेका पेराला. मग बत्ती बंद, टेबल चालू. ती रेघा ओढायची, नाना टेबलाला जोडलेल्या कॉम्प्युटरवरून रंग भरायचे. एक ठिपका मोकळा राहायचा, डावीकडे खाली. त्याच्यावर बोट टेकवून ती बसायची. टेबल तो गोल उजळत ठेवायचं, ती बोट उचलेपर्यंत. मी एकदा म्हटलं, "नाना, कॉम्प्युटर आहे ना, साठवून ठेवा की एखादी." तर दोघंही एकदम नाही म्हणाले. रांगोळी उद्या पुसायची असते.

माई गेली ती झोपेत, त्याच खाटेवर.

नानांची मोठी बहीण, अक्का, कुडाळहून आली आणि घराचा ताबा घेतला. बाई मोठी मायेची, पण रीत म्हणजे रीत. गादी काढली, खाटेच्या फळीवर जिथे माईने प्राण सोडला तिथे पीठ पसरलं, वर टोपली पालथी घातली आणि शेजारी समई लावली. हा दिवा तेरा दिवस विझू द्यायचा नाही. तेराव्याला टोपली उचलायची आणि पिठात काही उमटलंय का बघायचं. कुणाला पाखराचं पाऊल दिसतं, कुणाला तुळशीचं पान. गेलेलं माणूस कुठे गेलं ते त्यावरून म्हणे कळतं. नाना भिंतीला टेकून बघत होते. अक्का म्हणाली, "तुझा ह्या खोका हलव हयसून." नाना म्हणाले, "राहू दे, अक्का. तिचं आहे ते." तिने सोडून दिलं.

दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी नाना माझ्या दारात आले. अक्का देवळात प्रवचनाला गेली होती. आवाज एवढा हळू की मला आधी वाटलं बाहेर कुणी नाहीच. "वहिनी, जरा येता? पाहुणा आलाय."

मी गेले. जिन्यातली बत्ती न सांगता बंद केली. आत खाटेवर समई तेवत होती, टेबल निळसर जागं होतं. आणि डावीकडे खाली, कोपऱ्यात, एक पांढरा गोल उजळलेला. लहान व्हायचा, मोठा व्हायचा. छाती वर-खाली होते ना, तसा. रेघ ओढत नव्हता, चालत नव्हता. तिथेच बसलेला. बाकी सगळा कागद कोरा. खरं सांगते, माझे पाय दारातच राहिले. नाना खुर्चीत बसले होते, हात मांडीवर. "काल पण आला होता," म्हणाले. "परवा पण. मी टेबल चालू केलं की येतो. बंद करेपर्यंत जात नाही."

"ओळखलात का?" मी विचारलं.

"ओळखायचाय. पण एकट्याने धीर होत नाही." मग म्हणाले, "समई असणार. खाटेवर आहे, टेबलाच्या वर येते तिची ज्योत. समईच असणार. पण वहिनी, समई नसली तर?" आणि आणखी हळू, "आणि समईच असली तर?"

तिथे मला कळलं की हा माणूस कशात अडकलाय. आयुष्यभर ज्याने काळोखातल्या प्रत्येक गोष्टीचं नाव लावलं, त्याला ह्या एका गोष्टीचं नाव हवंही होतं आणि नकोही होतं. समईला हात लावता येत नव्हता, विझली तर अक्काने घर डोक्यावर घेतलं असतं. मी घरून अस्तराचं काळं कापड आणलं आणि समई आणि टेबल यांच्या मधे दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. अंतरपाट धरतात तसं. इकडे ज्योत, तिकडे तो ठिपका. मला टेबल दिसत नव्हतं, कापडच दिसत होतं.

"गेला," नाना म्हणाले.

मी कापड खाली केलं. "आला," म्हणाले.

पुन्हा धरलं. "गेला." मी कापडाची घडी घातली. वाटलं, झालं, संपलं. समईच ती. नानांनी गॉगल काढून डोळे पुसले. आणि मग पुसता पुसता थांबले.

"पण तिथेच का?" ते म्हणाले. "समईचा उजेड अख्ख्या कागदावर पडतो. मग ठिपका त्या एकाच जागी का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी बटर पेपर काचेवरून अलगद सोडवला आणि मला बोलावून खिडकीला धरून दाखवला. सगळा कागद दुधासारखा पांढुरका, आणि डाव्या कोपऱ्यात रुपयाएवढा एक डाग, आरपार. त्यातून समोरच्या इमारतीचे गज दिसत होते. तेल. ते रोज तिच्या बोटांना चोळायचे ते तेल. रेघ ओढताना बोट सरकायचं, तिथे डाग धरला नाही. पण त्या मोकळ्या ठिपक्यावर ती रोज बोट टेकवून बसायची ना, तिथे कागदाने तेल पिऊन घेतलं. आता समईचा उजेड तेवढ्याच जागेतून खाली कॅमेऱ्यात उतरत होता. "हे तिचं बोट आहे, वहिनी," नाना म्हणाले. "मी पाहुणा ओळखला. पाहुणा घरचाच निघाला." त्यांचा चेहरा इतका मोकळा मी माईला झटका आल्यापासून बघितला नव्हता. म्हणाले, "तेराव्याला हा दिवा उचलतील. उचलू देत. मी दुसरा लावीन. कागद आहे ना, मग ती रोज येईल." कागद परत काचेवर बसवला, नख लागू न देता. त्यानंतर रोज संध्याकाळी ते टेबलापुढे बसायचे. मीही कधी कधी जाऊन बसायचे. ठिपका श्वास घ्यायचा.

तेराव्या दिवशी घर माणसांनी भरलं. सुतक फिटलं म्हणून सकाळपासून अक्काने फरशी, भिंती, भांडी, सगळं धुवायला काढलेलं. दिवा उचलला. टोपली उचलली तेव्हा सगळे वाकले. एक जण म्हणाला कमळ, दुसरी कुणी म्हणाली मोराचं पाऊल. मला तर पिठात नुसतं पीठ दिसलं. नाना वाकलेच नाहीत. गर्दीतून ते टेबलाकडे गेले, आणि मी त्यांची पाठ बघितली. ती पाठ थिजली. काच लखलखीत पुसलेली होती. कागद नव्हता.

स्वयंपाकघरात वडे तळत होते. तेराव्याचे वडे, तिखट पिठाचे, टम्म फुगलेले. कढईशेजारी परातीत कागद घातला होता, आणि त्यावर वड्यांची चळत निथळत होती. माझा बटर पेपर. नानांनी बोट दाखवलं फक्त. अक्काने मान वर केली. "काय झाला? अरे, तेलाचोच कागद होतो तो. डाग दिसलो, म्हटलंय आता फेकूचोच आसा, वड्यांक होईत." मग त्यांचं तोंड बघून घाबरली. "नाना, माका काय ठावक? काय होता त्येच्यात?"

नाना म्हणाले, "काही नाही, अक्का. वडे छान झालेत." त्यांनी परातीतून कागद सोडवला. खिडकीला धरला. इकडून तिकडून सगळा आरपार झाला होता, वड्यांच्या गोलांवर गोल. त्यात तो रुपयाएवढा डाग कुठला, ते आता लॅबमधल्या माणसालाही सांगता आलं नसतं. त्यांनी कागदाची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि पानावर जेवायला बसले. जेवलेही. मला तेच बघवलं नाही.

संध्याकाळपर्यंत पाहुणेरावळे पांगले. अक्का दमून आतल्या खोलीत आडवी झाली होती. मी माझ्या गुंडाळीतला नवा कोरा ताव घेऊन गेले. का नेला, मला सांगता येणार नाही. रिकामी काच मला बघवेना, एवढंच. आम्ही दोघांनी तो ताणून बसवला, चार कोपऱ्यांना चिकटपट्ट्या लावल्या. माझ्या कोरड्या हातांनी. नाना म्हणाले, "बत्ती बंद करा." मी केली. त्यांनी टेबल चालू केलं. कोरा निळसर कागद. खाटेवर समई नव्हती, फळी धुतलेली. आम्ही गॉगल लावून बसलो. रस्त्यावरून भाजीवाल्याची हाळी येत होती, मग तीही थांबली.

आणि डावीकडे खाली, कोपऱ्यात, एक गोल उजळला.

मी आधी माझे हात पाहिले. पदराखाली होते. बांगड्या काचेच्या, त्याही झाकलेल्या. पडद्याकडे बघितलं. दुहेरी पडदा बंद, आणि ऊन केव्हाच उतरलेलं. पतंग नव्हता, मी दोनदा वाकून पाहिलं. समई विसर्जनाच्या सामानात गेली होती. हा गोल थरथरत नव्हता. लहान-मोठा होत नव्हता. स्थिर होता, बोट टेकवून कुणी बसावं तसा. मी कसंबसं म्हटलं, "नाना, उठा. ओळखायचा ना?"

नाना उठले नाहीत. त्या खालून आलेल्या उजेडात त्यांचे डोळे मला दिसत नव्हते, हिरव्या काचा तेवढ्या दिसत होत्या. मग अगदी हळू म्हणाले, "नको, वहिनी. उद्याला काहीतरी राहू दे."

त्या दिवसानंतर मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेले नाही. जायचं नव्हतं असं नाही, पण तिथे दोन माणसं बसलेली असताना तिसऱ्याने कशाला जावं, असं वाटायचं. दाराखालून निळसर फट दिसायची, रोज, दिवेलागणीपासून जेवणवेळेपर्यंत. सकाळी भेटले की मी विचारायची नाही, ते सांगायचे नाहीत. फक्त एकदा मी रांगोळीचा डबा घेऊन चौकात बसले होते, माईसारखं जमतंय का बघत, तर ते दारातून म्हणाले, "तो कोपऱ्यातला जोडू नका हं." मी जोडणार नव्हतेच.

पुढे त्यांना नाशिकला मुलीकडे न्यायचं ठरलं. गुडघे गेले होते, एकटे राहण्यासारखे नव्हते. टेबल न्यायला टेम्पोत जागा नव्हती, आणि मुलीच्या घरी, ती म्हणाली, लहान पोरं आहेत, लेझर नको. नानांनी स्वतः ते खोललं. लेझर काढून हातोडीने फोडले, न दिसणारा उजेड कुणाच्या हाती पडायला नको म्हणून. प्रोजेक्टर भंगारात गेला. काच मला दिली. "तुमच्या कागदाची होती," म्हणाले, "तुम्हालाच." नाशिकला ते वर्षभरच राहिले. गेल्याचा फोन आला तेव्हा मी कापड बेतत होते, त्याच काचेवर.

ती काच आता माझं कटिंगचं टेबल आहे. खाली दोन स्टुलं, वर काच, गुळगुळीत, कात्री छान सरकते. हे कुरकुरतात, एवढी मोठी काच आणि तू अर्ध्यावरच काम करतेस. खरं म्हणजे मी अर्ध्यावर करत नाही. सगळ्या काचेवर करते. डाव्या कोपऱ्यावर तेवढं कापड ठेवत नाही, खडू नाही, टेप नाही. आणि संध्याकाळी देवाजवळ दिवा लावायच्या आधी खोलीतली बत्ती बंद करून जरा वेळ काचेपुढे बसते. मग उठते आणि दिवा लावते.